आधी कुणाचं नाव

चौल
१२ सप्टेंबर २०२४

नीरामावशी,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुम्हाला नवल वाटेल. घरात दोन-दोन मोबाईल असताना ही बाई पोस्टावर कशाला उपकार करतेय, असं म्हणाल. पण गेल्या तीन आठवड्यांत मी तुम्हाला पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा तुम्ही तिकडे रडलात, मी इकडे रडले आणि 'ठेवते हं' म्हणून दोघींनी ठेवला. बोलायचं ते राहूनच गेलं. कागदावर निदान वाक्य तरी पुरं होतं.

तुमची लेक प्राची गेली, हे अजून मनाला पटत नाही. विनेशने लग्न करून तिला आमच्या बंदरावरच्या घरात आणलं तेव्हा सगळ्यांत जास्त नाक मी मुरडलं होतं. भातशेतीवाल्यांची पोर, हिला काय मासळीतलं कळणार! वर्षभरात ती माझ्यापेक्षा भराभर कोळंबी सोलायला लागली. आठ दिवसांच्या लेकीला मागे ठेवून तापात गेली, आणि मी तिला तोंडावर कधी चांगलं म्हटल्याचं आठवत नाही. ते मला फार लागून राहिलंय, मावशी.

आता मुद्द्याचं. सुतकात बारसं राहिलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. विनेशला विचारलं, तर "तुला काय ठेवायचाय ता ठेव, मना नको इचारू," म्हणाला आणि होडीवर निघून गेला. बाबांना विचारलं, तर ते जाळ्याची गाठ सोडवत बसले. तेव्हा मीच ठरवलं. पोर दोन्ही घरांची, तर नावही दोन्ही घरांचं हवं. तुमची प्राची आणि आमची गेलेली आई आवडाबाई. दोन्ही जोडून 'प्राची-आवडा'. हल्ली अशी जोडनावं ठेवतात, माझ्या लेकीच्या वर्गात तिघी आहेत. प्राची आधी, कारण नऊ महिने तिने वाढवलं.

दिवाळी झाली की विनेश लेकीला न्यायला येईल. तोवर ती तुमच्याकडे, तुम्हाला त्रास. काकांची तब्येत कशी आहे?

तुमची
नूतन


म्हसळा
२६ सप्टेंबर २०२४

आत्याबाईंना आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला पत्राचं कसलं नवल? तीस वर्षं अंगणवाडीत वह्या लिहिल्या, कोणाचं पोर किती वजनाचं, कोणाला डोस दिला. कागद दिसला की हात आपोआप चालतो.

तुमची भाची चार किलोची झाली. कपाळ तुमच्या घरचं आहे, रागही तुमच्याच घरचा असावा. अंगाई म्हटली तर किंचाळते आणि मिक्सर लावला की गप्प होते. त्यामुळे दिवसातून चार वेळा मी उगाचच खोबरं वाटते. शेजारच्या बायका विचारतात, काकू, रोज काय जेवणावळ आहे काय?

दोन्ही नावं जोडायची कल्पना मला आवडली. पण क्रम उलटा करा. मूल बापाच्या घरचं असतं, तेव्हा तुमच्या आईचं नाव आधी यायला हवं. 'आवडा-प्राची' असं ठेवा. उगाच माझं मन राखायला लेकीचं नाव पुढे करू नका. आणि खरं सांगू? मी कुठल्या तोंडाने तिला प्राची म्हणू? अंगणात उभं राहून हाक मारायची आणि दारातून रांगत दुसरीच यायची. पहिलं नाव आवडा असेल तर मला हाक तरी मारता येईल.

दिवाळीनंतर जावईबापू येणार म्हणता, ते बरं झालं. घाई नाही, पण दिवस कळवा म्हणजे तिचे कपडे धुऊन ठेवीन. हे बरे आहेत. ओटीवर बसून असतात.

नीराबाई


चौल
२० ऑक्टोबर २०२४

नीरामावशी,

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग हसल्याची लाज वाटली.

तुमची जी अडचण तीच माझी. आमच्या आईसमोर गावातले बाप्ये मान खाली घालून बोलायचे. तिचं नाव घेऊन मी पोरीला 'मुतलीस का गं' म्हणू? ती वरून हात उगारेल. नको, प्राचीच आधी राहू दे. विनेश-प्राचीच्या लग्नातलं आठवतं? पहिला मान कुणाचा यावरून तुमचा ऋत्विक आणि आमचे चुलते मांडवात भांडले होते आणि अर्धा तास वरात उन्हात उभी होती. आज आपण दोघी एकमेकींना 'आधी तुम्ही' म्हणतोय. प्राची असती तर पोट धरून हसली असती.

मी पंचायतीत जाऊन विचारूनही आले. तिथला माणूस म्हणाला, जोडनाव चालतं, मधे आडवी रेघ देऊ. फक्त कुठलं आधी ते घरी ठरवून या, मागाहून खोडाखोड नको. म्हणजे आता आपल्या दोघींवर आहे.

एक सांगायचं होतं. विनेशचं येणं जरा पुढे गेलंय. होडीच्या इंजिनाचं काम निघालं, खलाशी मिळत नाहीत. शिमग्यापर्यंत नक्की. तुमच्याकडे ती सुखात आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणून तर मी निवांत आहे. आजीच्या मांडीसारखी जागा नाही.

काकांना नमस्कार सांगा.

नूतन


म्हसळा
११ नोव्हेंबर २०२४

नूतनताई,

भात कापून झालं, झोडून झालं, आता बोलायला सवड आहे, आणि मला रागही आलाय, तेव्हा दोन्ही एकदम घ्या.

परवा म्हसळ्याच्या बाजारात तुमच्या बंदरावरची केसर भेटली. सुकटीची टोपली घेऊन बसते ती. मी ओळख दिली, तर हळहळली. म्हणाली, "वाईट झाला गो बाय. पन आता बरा होल. इनेशचा ठरलाय ना, होलीच्या आधी हळद हाय." मी विचारलं, कसली हळद? तेव्हा तिने जीभ चावली आणि मला फुकट दोन मुठी सुकट जास्त घातली. ती सुकट मी वाटेत टाकून दिली.

तुम्हाला ठाऊक होतं. इंजिनाचं काम! नूतनताई, तुम्ही मला इंजिनाचं काम सांगितलंत.

जावयाने दुसरं लग्न करू नये असं मी म्हणत नाही. तिशीतला माणूस आहे. पण पोरीचं काय, एवढं एक वाक्य तुम्ही लिहायला हवं होतं. त्याऐवजी प्राचीचं नाव आधी, प्राचीचं नाव आधी. मला केवढं बरं वाटत होतं, की लेकीला सासरी एवढा मान आहे. आता कळलं, ज्या घरचं नाव आधी त्या घरची पोर, असा तुमचा हिशेब होता.

आता माझंही ऐका. मीही खोटं लिहिलं. हे बरे नाहीत. गणपतीत त्यांची उजवी बाजू गेली. ओटीवर बसत नाहीत, खाटेवर असतात. त्यांना कुशीवर वळवायला, धुवायला, भरवायला मी एकटी. ऋत्विकची डोंबिवलीला एक खोली, त्यात ते चौघं. त्याची बायको म्हणाली, आई, कुठे ठेवू सांगा. तिला तरी काय बोलू, खरंच जागा नाही. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, बाटलीवरच्या रेघा दिसत नाहीत. म्हणून मीही तुमच्या आईचं नाव पुढे करत होते. तुमच्यासारखीच.

तेव्हा खरं काय ते आता लिहा.

नीराबाई


चौल
२४ नोव्हेंबर २०२४

मावशी,

चार वेळा कागद फाडला. खरं लिहिते.

विनेशचं लग्न ठरलंय. मुलीकडच्यांनी स्पष्ट सांगितलंय, आधीचं मूल घरात नको. मी विनेशला बंदरावर गाठून विचारलं. तो म्हणाला, "तिचा तोंड बघितला की मना परी दिसतं. मना न्हाय जमत, ताय." परी म्हणजे प्राची, तो तिला परी म्हणायचा. एवढा धिप्पाड माणूस, जाळ्यावर बसून हुंदके देऊन रडला. मला त्याचा राग येतो आणि तो रडताना बघवतही नाही. बाबा सत्तरीचे, घरात बाईमाणूस नाही. तिथे पोर ठेवायची तर कुणाच्या हातात?

आता माझं. तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. आत्या काय करतेय? मी माझ्या नवऱ्याला विचारलं, मावशी, एकदा नाही, तीनदा. चांगदेव वाईट माणूस नाही. पण आमच्या सासूबाई अंथरुणाला, दिरांचं कुटुंब याच घरात, आणि आमच्या दोन मुली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "तू आन तिला. मी काय बोलनार न्हाय. पन मग मना काय इचारू नको." या घरात ते बोलत नाहीत म्हणजे काय, ते मी सोळा वर्षं जाणते. माझ्याने धीर झाला नाही. मी भित्री आहे, हे लिहायला मला आज कागद लागला.

हो, तोच हिशेब होता. तुमचं नाव आधी लागलं तर पोर तुमची होईल, आजी तिला सोडणार नाही, असं वाटलं. तुम्ही खाटेशी एकट्या आहात हे ठाऊक असतं तर

पुढे काय लिहिणार होते ते कळत नाही. ठाऊक असतं तरी मी काय केलं असतं?

नूतन


म्हसळा
२० डिसेंबर २०२४

नूतनताई,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर दिलं असतं तर वाईटसाईट लिहिलं असतं, म्हणून थांबले. आता राग नाही. राग धरायलाही अंगात काही उरावं लागतं.

गेल्या रविवारी दुपारी मी तिला मांडीवर घेऊन बाटली लावली होती. आदल्या दिवसापासून यांना ताप होता, मी टक्क जागी. बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली ती यांच्या आवाजाने. त्यांना बोलता येत नाही, नुसते ओरडत होते आणि चांगल्या हाताने खाट बडवत होते. बघते तर बाटली कलंडलेली, दूध पोरीच्या नाकात, ओठ निळे. उलटी धरून पाठ थोपटली, तेव्हा रडली. तीस वर्षं मी दुसऱ्या बायकांना शिकवत आले, ताई, झोपून दूध पाजू नका.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या पर्यवेक्षिका सोनलबाई आल्या. त्यांनी एका शिशुगृहाचं सांगितलं. चांगलं आहे, स्वच्छ आहे, मूल नसलेली जोडपी नाव नोंदवून वाट बघत असतात. बापाची सही लागेल. सगळं त्या समजावतील. मी तीन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

पण ती इथून बिननावाची जाणार नाही. 'मुलगी' एवढंच लिहिलेला दाखला घेऊन मी तिला पाठवणार नाही. बारसं करू. तुम्ही या आणि आत्याचं काम करा. कुठलं नाव आधी ते तुम्ही ठरवा, मी बोलणार नाही. आता त्याने कुणाच्या पदरात काही पडणार नाही, म्हणून मोकळेपणाने ठरवा.

पाच जानेवारीला रविवार आहे. घुगऱ्या करते. पाळणा शेजारून आणीन.

नीराबाई


चौल
१० जानेवारी २०२५

मावशी,

पोचले. बाबाही बंदरावर पोचले. विनेश थेट होडीवर गेला.

बारशाला तुमच्या शेजारणींनी गाणी म्हटली तेव्हा मला वाटलं, यांना काही ठाऊक नाही. मग बघितलं तर प्रत्येकीचे डोळे लाल. मी तिच्या कानात कुर्र केलं आणि 'आवडा-प्राची' म्हटलं, तर ती हसली हो. तुम्ही पाठमोऱ्या होतात, तुम्हाला दिसलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. मग बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. एरवी चेष्टेचे असतात. तुमचा एक जोरात बसला. मला तो हवा होता.

बुधवारी शिशुगृहात तुम्ही बाहेरच्या बाकावर बसलात, आत आला नाहीत. आत काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. कागदावर त्या बाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सावकाश लिहिलं, मधली रेघसुद्धा. मग म्हणाल्या, छान आहे, पण घेणारे आईबाप बहुतेक आपलं नवीन ठेवतात. विनेशने सही केली. त्याचा हात मासळीच्या वासाचा, तर तो रुमालाने पुसून पुसून मगच पेन धरत होता.

आणखी एक. त्या बाई म्हणाल्या, साठ दिवस मूल कुणालाही देत नाहीत. तेवढ्यात मन बदललं, तर बाप आणि सांभाळणारं कुणी मोठं माणूस मिळून आले की मूल परत मिळतं. विनेश बाहेर आल्यावर मला म्हणाला, "कोन तयार झाला तर मना सांग, मी सही देवाला येईन." म्हणजे नऊ मार्चपर्यंत. कळवून ठेवते.

नूतन


म्हसळा
१३ मार्च २०२५

नूतनताई,

दोन महिने तुमचं पत्र नाही, फोन नाही. आधी काळजी वाटली. मग हळूहळू उमगलं, आणि उमगल्यापासून मी जेवायला लागले.

तुम्ही तिला नेलंत ना? मला माहीत आहे तुम्हाला का सांगवत नाही. चांगदेवरावांचं मन अजून वळायचं असेल, घरात कुरबूर असेल. पण बारशाला तुम्ही तिला ज्या हातांनी धरलंत ते मी बघितलं होतं. साठ दिवस म्हणून तुम्ही पत्रात लिहिलंत, शेवटी, जाता जाता. ते स्वतःसाठीच लिहिलं होतंत, हे मला तेव्हाच कळलं. म्हणून मी गप्प राहिले. म्हटलं, मधे बोलून तुमचा धीर मोडायला नको.

माझंही मन होत होतं. यांना आता टेकून बसता येतं. डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, बाटलीवरची रेघ दिसते. तिला आणायला निघायचं म्हणून तीनदा पिशवी भरली. पण म्हटलं, आत्या तरणी आहे, घरात दोन बहिणी मिळतील, मी पासष्टीची म्हातारी किती पुरणार? मी मधे पडले तर तुम्ही मान म्हणून मागे सराल. म्हणून नाही गेले.

सोबत पार्सल आहे. प्राचीच्या दोन सुती साड्या होत्या, त्यांची सहा झबली शिवलीत. सातव्या महिन्याच्या मापाची. नव्या डोळ्याने शिवलीत, टाके सरळ आले आहेत. गळ्याशी घट्ट झालं तर एक बंद सोडा. मिक्सरचं लक्षात ठेवा.

मला उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

नीराबाई


चौल
२२ मार्च २०२५

मावशी,

पार्सल मिळालं. घरात कुणी नसताना उघडलं.

मी गेले नाही.

मला वाटलं, तुम्ही गेलात. सोनलबाईंचा नंबर माझ्याकडे होता. फेब्रुवारीत त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, नीराबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, झालं, आता आजी आणणार तिला. आजीचा हक्क पहिला. यांनाही मी विचारलं होतं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, चौथ्यांदा. ते म्हणाले, "आन जा." मावशी, ते 'आन जा' म्हणाले. मी आतल्या खोलीत जाऊन रडले आणि मग विचार केला, तुमच्या हातातून पोर ओढून घेणारी मी कोण? तुम्ही लेक गमावलीत. म्हणून थांबले. नऊ तारखेला दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते, की तुमचा येईल.

तुमचं पत्र आल्यावर शिशुगृहात फोन लावला. बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, दोन्हीकडून कुणी आलं नाही, मुदत संपली, आता पुढची कागदपत्रं गेली. विनेशची सही आता चालत नाही. मी भांडले, हात जोडले, यांनी फोन घेऊन विनवलं. त्या म्हणाल्या, ताई, साठ दिवस होते.

ती बरी आहे का विचारलं. बरी आहे म्हणाल्या. वजन चांगलं आहे. आवडा-प्राची कशी आहे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते नाव लांब पडतं, इथे सगळ्या तिला दुसऱ्याच नावाने हाक मारतात, आणि ती बघते. कुठल्या नावाने, ते विचारलं. सांगता येत नाही म्हणाल्या.

झबली मी घडी करून कपाटात ठेवली आहेत. तुमच्याकडे परत पाठवू की इथेच राहू देऊ? प्राचीच्या साड्यांची आहेत, तेव्हा हक्क तुमचा. तुम्ही सांगाल तसं.

नूतन